भांड्यात मला भांडंच दिसतं

पत्र थोडक्यात असं : मी जालना जिल्ह्यातली, वय 42, अंगणवाडी सेविका. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) महिला मंडळात दर शुक्रवारी प्रार्थनेनंतर पाच मिनिटं ‘रोजच्या जीवनातून’ काहीतरी सांगायचं असतं. वर्षभरापासून ते काम माझ्याकडे आहे. सुरुवातीला सुचायचं, नंतर फोनवर येणाऱ्या संदेशांतून उतरवून घेऊ लागले. आता तेही जमत नाही. बाकीच्या बहिणींना नळाला पाणी आलं तरी त्यात प्रभूचा संदेश दिसतो. मी भांडी घासते तेव्हा मला भांडंच दिसतं. त्यात दोन गोष्टी घडल्या. 2025 च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत आमच्या मोठ्या जाऊबाईंचं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. मी त्यांना म्हणाले, “देव यातून आपल्याला काहीतरी शिकवतोय.” तेव्हापासून त्या माझ्याशी धड बोलत नाहीत. दुसरं म्हणजे, माझी मुलगी मोबाईलपायी माझ्याशी खोटं बोलली होती. ती गोष्ट मी येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्याला जोडून मंडळात सांगितली आणि फिरून तिच्या कानावर गेली. आता ती उपासनेला येत नाही. म्हणते, “तुझ्यासमोर काही करायची सोय नाही मम्मी, लगेच त्याचा धडा होतो.” माझा विश्वास कोरडा पडलाय का? रोजच्या आयुष्यातले धडे शोधायचे तरी कसे?

ताई, सलाम.

तुमच्या पत्रातलं भांड्याचं वाक्य तुम्ही गुन्हा कबूल केल्यासारखं लिहिलंय. मला विचाराल तर सगळ्या पत्रात तेवढंच ठणठणीत आहे. भांडं घासताना भांडं दिसलं नाही, तर बुडाला करपलेलं तसंच राहतं आणि दुसऱ्या दिवशी दूध नासतं.

आधी फोनवरच्या संदेशांचं बघू, कारण त्यांनी तुमच्यासारख्या पुष्कळ जणींना घोळात घातलंय. मीही ते वाचते. त्यात वादळात सापडलेलं जहाज असतं, दीपस्तंभ असतो, बर्फाखाली दबलेलं बी असतं. ताई, मराठवाड्याला समुद्राचा एक थेंब शिवत नाही. आपल्या मंडळातल्या किती जणींनी नांगर टाकलेलं जहाज पाहिलं असेल? आपला नांगर ढेकळात चालतो. दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कुठेतरी पाहिलेल्या गोष्टीचा धडा उसना आणला की तो वर्षभरात संपणारच. तुमचं सुचणं आटलं नाही, उसनवारी संपली.

आता मूळ समजुतीकडे येते. चिक्कीच्या पुड्यात कुपन दडवावं तसा देवाने प्रत्येक गोष्टीत एकेक धडा दडवून ठेवलाय, विश्वासू माणसाला तो सापडतो आणि ज्याला सापडत नाही त्याचा विश्वास कमी, असं तुम्ही धरून चाललात. हे पवित्र शास्त्रात कुठे आहे, ते मला दाखवा. येशूने घरातल्या-शेतातल्या गोष्टी सांगितल्या हे खरं. पण त्या सांगायची त्याची तऱ्हा बघा. लूकाच्या पंधराव्या अध्यायात एका बाईचं दहा नाण्यांतलं एक हरवतं. ती दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते. माळवदाच्या घरात दिवस काढलेल्या बाईला भर दिवसाही दिवा का लावावा लागतो, हे समजावून सांगावं लागत नाही. नाणं सापडल्यावर ती बाई “आज मी चिकाटी शिकले” म्हणत नाही. शेजारणींना हाका मारते आणि म्हणते, माझ्याबरोबर आनंद करा.

ज्याने हे सांगितलं त्याने घर झाडणारी बाई नीट पाहिलेली होती. जुन्या कपड्याला कोऱ्या कापडाचं ठिगळ लावलं तर ते आटतं आणि फाटकं आणखी फाटतं, हे त्याला ठाऊक होतं. तीन मापं पिठात थोडंसं खमीर काय करतं, तेही त्याने पाहिलेलं. नासरेथात सुतारकी करत तो वाढला आणि सेवेला लागला तेव्हा सुमारे तीस वर्षांचा होता, असं लूक लिहितो. तीस वर्षं बघणं आणि मग बोलणं. तुमच्याकडे मात्र दर शुक्रवारी मागणी! मला त्यात तुमची कीव येते, खरं सांगते.

एक माझीच फजिती सांगते. मी नोकरीच्या गावी संडे स्कूल घ्यायचे आणि कधीकधी मोठ्यांसमोरही बोलायचे. एकदा येशूचा पेरणाऱ्याचा दाखला घेतला. बी कुठे कुठे पडतं, तर वाट, खडकाळ जमीन, काटेरी झुडपं, चांगली जमीन, तुम्ही यातली कोणती जमीन आहात, असं सगळं पाठ करून गेले होते. मागे बसलेले एक म्हातारे शेतकरी म्हणाले, “बाई, वाटंवर कोण पेरतं?” मी गप्प. खरंच की! आपल्याकडे तिफण चालते, चाड्यावर मूठ धरायला घरातली बाई असते आणि बी नळ्यांतून नेमकं तासात पडतं. वाटेवर, खडकावर कुणी दाणा टाकत नाही. त्या काळी तिकडे बी हाताने फेकून पेरायचे, हे मी मग सांगितलं. म्हातारबुवांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “मंजी देव लई उधळ्या दिसतोय. आमी एक दुबार पेरनी आली तर रडतो, त्यो वाटंवर बी फेकतो.” त्यानंतर मी माझी पाठ केलेली शिकवण सांगितली नाही. सांगण्यासारखी राहिलीच नव्हती.

मला तिफण माहीत होती आणि दाखलाही पाठ होता, पण दोन्ही एकत्र पाहायची बुद्धी त्यांना झाली, कारण त्यांनी आधी पेरणी पाहिली.

जाऊबाईंची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे.

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावं गेली, हजारो माणसं झोपेत गेली. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालं होतं, लोक दमून झोपले होते. मी तेव्हा नोकरीला नवी. आमच्या मंडळीतून काही जण चादरी आणि भांडी घेऊन गेले, त्यांत मीही होते. एका गावाच्या कडेला, पत्र्याच्या आडोशाला एक आजोबा बसले होते. आमच्यातल्या एकांना राहवलं नाही. ते म्हणाले, “बाबा, देवाने आपल्या सगळ्यांना जागं केलंय.” आजोबांनी वर पाहिलं आणि साध्या आवाजात विचारलं, “जागं करायचं होतं, तर झोपेत कामून मारलं?”

त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आजही माझ्याजवळ नाही. आम्ही चादर तिथे ठेवली आणि खाली मान घालून निघालो. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ उपदेश ऐकले, पण दुसऱ्याच्या दुःखातून धडा काढायची वेळ आली की मला ते आजोबा आठवतात.

आता लूकाचा तेरावा अध्याय काढा. शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. लोकांच्या मनात तेच होतं जे आपल्या मनात येतं, त्यांचं काहीतरी चुकलं असेल, देव काहीतरी दाखवत असेल. येशू विचारतो, यरुशलेमेत राहणाऱ्या बाकी सगळ्यांपेक्षा ते जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच सांगतो, नाही. पुढे तो पश्चात्तापाचंही बोलतो, पण ते समोर उभ्या असलेल्यांना, त्यांच्या स्वतःबद्दल. ढिगाऱ्याखालच्या अठरांवर तो एकही धडा उभा करत नाही. योहानाच्या नवव्या अध्यायातल्या जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? तिथेही त्याचं उत्तर तेच, याचं नाही आणि आईबापाचंही नाही.

किल्लारीतून धडा घ्यायचाच होता, तर तो भिंतींचा होता. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर माळवदाचं ओझं, दगडांना एकमेकांत धरून ठेवणारं काही नाही. माणसं घरांनी मारली. तो धडा गवंड्यांनी आणि सरकारने घ्यायचा होता. त्या आजोबांनी नव्हे.

तुमच्या जाऊबाईंचंही तसंच. वर्षभराचं पीक शेंगेत भरलेलं आणि ते डोळ्यांदेखत कुजलं. कुणाकुणाची तर मातीच खरवडून गेली. त्यांना त्यातून काही समजायचं असेल तर त्या आणि त्यांचा देव बघून घेतील. मधे तुम्ही कशाला? तुमचा हेतू दिलासा द्यायचा होता, हे मला कळतं. आपल्याला समोरच्याचं रडणं सोसवत नाही, म्हणून आपण त्यावर घाईघाईने अर्थाचं झाकण ठेवतो. शास्त्रातल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्रही तेच करतात. पण त्याआधी सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. त्या सगळ्या पुस्तकात त्यांनी केलेलं चांगलं काम तेवढंच. नंतर बोलायला लागले, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच झाला.

मुलीच्या बाबतीत तर तुम्ही निवडलेला दाखलाच तुमच्यावर उलटतो, ताई. उधळा पुत्र परत येतो तेव्हा कबुलीचं भाषण तयार करून आलेला असतो. बाप ते पुरं होऊ देत नाही. मधेच चाकरांना सांगतो, उत्तम झगा आणा, बोटात अंगठी घाला. पोराने डुकरं चारली, पैसे कुठे उडवले, हे तो गावाला सांगत बसत नाही. आणि आपण तोच दाखला हातात घेऊन पोरीचं खोटं वीस बायकांसमोर मांडलं. मुलीला तिची गोष्ट मंडळात गेल्याचा राग आहे, येशूचा नाही. हे वेगळं ठेवा. तिला उपासनेला चल म्हणायच्या आधी “मी तुझी गोष्ट तुला न विचारता सांगितली, ते चुकलं” एवढं म्हणा आणि थांबा. “पण” लावू नका. “तुझ्या भल्यासाठीच” हेही नको. ती लगेच येईल, अशी आशा धरू नका. आणि ज्या मंडळात तुम्ही ते बोललात, त्याच मंडळात तिचं नाव न काढता सांगा, की घरच्या माणसाच्या गोष्टी मी यापुढे विचारल्याशिवाय इथे आणणार नाही. तिच्या कानावर ती गोष्ट ज्या वाटेने गेली, त्याच वाटेने हेही जाईल.

मी स्वतः एक कसोटी लावते. ज्याच्या आयुष्यातून गोष्ट घेतली, तो माणूस पहिल्या सतरंजीवर बसला असता तर मी हे असंच सांगितलं असतं का? जीभ अडखळली तर गोष्ट तिथेच सोडायची. बऱ्याच गोष्टी गळतात. गळू द्या.

मग शुक्रवारी सांगायचं काय?

महिनाभर काही सांगू नका, असं मी म्हणणार होते, पण मंडळ ते चालू देणार नाही, हे मला माहीत आहे. तर वही ठेवा, पण तिच्यात धडा लिहायला बंदी. फक्त पाहिलेलं लिहायचं, तीन-चार ओळी. माझ्या वहीतलं एक पान देते : “मंगळवार. भाकरी थापताना चिरली. पीठ पंधरा दिवसांचं. दुसऱ्या उंड्याला कढत पाणी घातलं, काठवटीत जास्त वेळ मळलं. तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवला. थोडी चिरली. तिसरी फुगली. पहिली मी खाल्ली.” संपलं. यावर “जुन्या पिठाला कढत पाणी, तसं जुन्या स्वभावाला प्रभूचं…” असं लिहायला माझाही हात शिवशिवतो. लिहायचं नाही. शुक्रवारी एवढंच वाचा आणि बायकांना विचारा, तुमची भाकरी कधी चिरते? बघा काय होतं ते. एखादी म्हणेल, पहिली मीच खाते, नेहमी. तिथून जे बोलणं निघेल ते फोनवरच्या दीपस्तंभातून निघणार नाही.

दुसरं, शास्त्रातले शब्द आपल्या शिवारात जाऊन बघा. यिर्मयाला देव म्हणतो, ऊठ, कुंभाराच्या घरी जा, तिथे मी तुला माझं वचन ऐकवीन. संदेष्टा मुकाट जातो, चाकावर बिघडलेलं भांडं कुंभार पुन्हा घडवताना पाहतो, आणि वचन येतं ते नंतर. गोरोबाकाकांचं तेर आपल्याच मराठवाड्यात, कुंभारवाडा बहुतेक मोठ्या गावात, पण यिर्मयाचा तो अध्याय वाचून कुंभाराकडे गेलेला ख्रिस्ती मला अजून भेटायचाय. रूथचंच घ्या. ती बवाजाच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेलं, वेचते. हा ‘सरवा’ आपल्या बायबलातही आहे आणि आपल्या शेतातही. सोयाबीन, कापूस निघाला की सरवा वेचायला कोण येतं, कोण येऊ देतं, कोण हाकलतं, हे तुमच्या मंडळातल्या निम्म्या जणींना माहीत असेल. काही जणींनी तो वेचलाही असेल. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितलंय, शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करू नका, पडलेला सरवा गोळा करू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. रूथ तर मवाबातली, म्हणजे परकीच. आता हार्वेस्टर कोपराकोपरा काढून घेतो, मग सरवा उरतो का? हा प्रश्न विचारून पाच मिनिटं संपली तरी चालेल. उत्तर तुमच्याकडेच असायला हवं, असं काही नाही.

विश्वास कोरडा पडला का, असं विचारलंत. त्याबद्दल फार लिहीत नाही. ज्या बाईला जाऊबाईंचा अबोला आणि मुलीचं तुटणं रात्रंदिवस डाचतं, तिला मी कोरडी म्हणणार नाही. दमलेली म्हणेन. अंगणवाडीची पोरं, पोषण आहाराचा हिशोब, मोबाईलवरची माहिती भरणं आणि वर शुक्रवार.

फक्त एक सुचवते. गंगाखेडच्या जनाबाईची आठवण ठेवा. ती आपली कशी, असं काही जण म्हणतील. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्यांना चाललं, तर आपल्यालाही जनाबाई चालावी. दळण कष्ट करायला शिकवतं, सहनशीलता शिकवतं, असं काही जनाबाई म्हणत नाही. ती म्हणते, देव माझ्याबरोबर दळायला बसला. जात्याचा खुंटा दोघांच्या हातात. भांडी घासताना धडा शोधण्यापेक्षा, शेजारी कुणी बसलंय का, एवढंच बघा. कुणी जाणवलं नाही तर भांडी घासून उठा.

जाऊबाईंकडे या आठवड्यातच जा, रविवारची वाट पाहू नका. “मी तेव्हा बोलायला नको होतं” एवढं दारातच म्हणून टाका, म्हणजे आत गेल्यावर ते डोक्यात घोळणार नाही. मग नुकसानीचे पैसे खात्यात आले का, की ई-केवायसीत अडकलेत, ते विचारा. अंगणवाडीच्या मोबाईलमुळे ही कामं तुम्हाला त्यांच्यापेक्षा सोपी जात असतील. तहसीलला खेटा घालायचा असेल तर सोबत जा. रब्बीचं बियाणं घेताना हात आखडता घ्यावा लागला का, तेही हळूच काढून घ्या. त्या रागाने बोलल्या तर ऐकून घ्या. देवावर रागावल्या तरी ऐकून घ्या. स्तोत्रांमध्ये याहून कडक बोललेलं आहे आणि ते आपण उपासनेत उभं राहून वाचतो. चार दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून न्या. वही घरीच ठेवा.